अंडी राखायची की जाळी बदलायची? समुद्री कासवांचे गणित आणि आपला कोकण किनारा

वाशिष्ठी

कोकणातील समुद्री कासवांचे संवर्धन म्हटले की घरटी, कुंपण घातलेली हॅचरी आणि सकाळी पाण्याकडे निघालेली पिल्ले एवढेच चित्र बहुतेकांच्या मनात असते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास वेळासच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले. पुढे वनविभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान त्यात आले, आणि ज्या किनाऱ्यांवरून अंडी सर्रास उकरून नेली जात तिथे आज गावोगावचे कासवमित्र रात्री गस्त घालतात. हे काम फार मोठे आहे. या धाग्यात मला त्याच्या पुढचा प्रश्न मांडायचा आहे. पैसा, माणसे आणि नियम करण्याची सरकारची तयारी हे सारेच मर्यादित असताना, ते कासवाच्या आयुष्यातील नेमक्या कोणत्या टप्प्यावर खर्च केले तर कासवांची संख्या टिकेल?

हा प्रश्न एकदा अतिशय नेटकेपणाने मोजला गेला आहे. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर लॉगरहेड जातीची कासवे अंडी घालतात. जॉर्जिया राज्यातील लिटल कंबरलँड बेटावर वर्षानुवर्षे माद्यांना बिल्ले लावून नोंदी ठेवल्या गेल्या. त्या नोंदींवरून नॅट फ्रेझर यांनी जीवनसारणी, म्हणजे कोणत्या वयात किती कासवे जगतात याचा तक्ता, तयार केली, आणि तिच्या आधारे डेबोरा क्राऊझ, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल यांनी 1987 मध्ये एक मॉडेल प्रसिद्ध केले. कासवाचे वय बाहेरून कळत नाही, म्हणून त्यांनी आयुष्याचे आकारावरून सात टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यात एका वर्षात किती कासवे जगतात, किती पुढच्या टप्प्यात जातात आणि प्रौढ माद्या किती अंडी देतात, हे एका मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात, मांडले.

त्यातले आकडे इथे देतो, कारण कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही ते पडताळता येतील. पहिल्या वर्षी जगण्याचे प्रमाण 0.6747. त्यानंतर सात वर्षे लहान पिल्लांची, दरवर्षी 0.7857. मग आठ वर्षे मोठ्या पिल्लांची, म्हणजे पाटीएवढ्या पाठीच्या पण अजून वयात न आलेल्या कासवांची, दरवर्षी 0.6758. पुढची सहा वर्षे वयात येऊ घातलेल्यांची, 0.7425. बाविसाव्या वर्षी मादी पहिल्यांदा अंडी घालते आणि तिथून पुढे, म्हणजे उरलेल्या तिन्ही टप्प्यांत, दरवर्षी जगण्याचे प्रमाण 0.8091. हे सारे एकत्र केल्यावर संख्यावाढीचा दर 0.945 येतो. म्हणजे दरवर्षी साडेपाच टक्के घट, आणि साधारण बारा वर्षांत कासवे निम्मी.

आता प्रत्येक टप्प्यातले प्रमाण त्या त्या वर्षांइतक्या वेळा गुणले, की हजार अंड्यांमागे जेमतेम 0.9 मादी वयात येते. ‘हजारात एक जगते’ हे आपण किनाऱ्यावर ऐकतो, त्याच्याशी हे जुळते. वयात आलेली मादी उरलेल्या आयुष्यात या मॉडेलप्रमाणे सरासरी 404 अंडी देते. 404 गुणिले 0.0009 म्हणजे सुमारे 0.37. एका मादीने आपल्यामागे निदान एक मादी ठेवायला हवी, तिथे ती 0.37 ठेवते. ही तूट भरून काढायची तर या गुणाकारात कुठेतरी सुमारे पावणेतीन पट वाढ व्हायला हवी.

ती कुठून आणायची? समजा, आपण एकही अंडे आणि एकही नवजात पिल्लू मरू दिले नाही. पहिल्या वर्षीचे प्रमाण 0.6747 वरून 1 झाले. प्रत्यक्षात हे अशक्य आहे, तरी धरून चालू. वाढ झाली 1.48 पट आणि 0.37 चे झाले 0.54. कासवे घटतच राहतात. आता अंड्यांना हात न लावता मोठ्या पिल्लांचे वार्षिक प्रमाण 0.6758 वरून फक्त 0.77 करा. पूर्वी या टप्प्यात शिरलेल्या शंभरांपैकी चार पार पडत, आता बारा पडतात. वाढ 2.84 पट झाली आणि 0.37 चे 1.04. घसरण थांबली. वार्षिक प्रमाणातली वाढ दिसायला लहान आहे, पण ती आठ वर्षे, दरवर्षी, स्वतःलाच गुणत जाते. अंड्यांच्या बाबतीत ती एकदाच लागू होते.

मोठी पिल्ले आणि प्रौढ कासवे मरत कशाने होती? कासव हवा घेणारा प्राणी आहे. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या पिशवीसारख्या जाळ्यात, शिरले की जाळे वर ओढेपर्यंत ते पाण्याखाली अडकून राहते आणि गुदमरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1990 च्या अहवालात त्यांच्या समुद्रात कोळंबीच्या जाळ्यांत दरवर्षी 5,000 ते 50,000 लॉगरहेड मरत असावीत असा अंदाज दिला, आणि माणसामुळे होणाऱ्या बाकी सर्व कारणांच्या बेरजेपेक्षा हे जास्त आहे असे स्पष्ट म्हटले. जाळ्यात तिरकी गजांची चौकट बसवून कासवाला वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडू देणारे साधन, म्हणजे टेड, तोवर तयार होते आणि 1987 पासून त्याचे नियमही येऊ लागले होते. मच्छीमारांचा विरोध इतका तीव्र होता की 1989 मध्ये टेक्सासच्या बंदरांची वाट बोटींनी अडवली गेली. त्या वादात ‘किनाऱ्यावर अंडी राखतो, मग पुरे’ हा युक्तिवाद या मॉडेलने मोडून काढला. साउथ कॅरोलिनात 1988 पासून टेड लागू झाल्यावर किनाऱ्याला लागणारी मेलेली कासवे सुमारे 44 टक्क्यांनी कमी झाली.

आता आपल्याकडे पाहा. आपला पावसाळी मासेमारी बंदीचा काळ 1 जून ते 31 जुलै. आपल्याकडे अंडी घालणारी कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. त्यांच्या माद्या कोकणात येतात साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ऐन मासेमारीच्या हंगामात. हॅचरीतून किती पिल्ले सोडली याचा आकडा आपल्याकडे गावानिशी मिळतो. जाळ्यात किती कासवे सापडली, त्यातली किती मेली आणि ती केवढी होती, याची तेवढी शिस्तशीर मोजणी होत नाही. ज्या बाजूला गणिताचे वजन आहे तीच बाजू आपण कमी मोजत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

बंदरकर

धागा मनापासून वाचला. आमच्या घरात ट्रॉलर आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. टेडच्या गजांमधले अंतर अमेरिकी नियमात जास्तीत जास्त चार इंच असते. त्यांच्याकडे ते जाळे फक्त कोळंबीसाठी असते, त्यामुळे मोठा मासा बाहेर गेला तरी चालतो. आमचे ट्रॉल तसे नसते. त्याच जाळ्यात कोळंबी येते, म्हाकूळ येते, आणि एखादी घोळ किंवा मोठी वाम मिळाली तर त्या फेरीचा डिझेलचा खर्च निघतो. तीच मासळी चौकटीला आपटून झडपेतून निघून जाणार असेल, तर बोटीचा तांडेल, म्हणजे तिचा प्रमुख, ती झडप शिवून टाकेल, हे मी आजच सांगतो. 2019 पासून अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले, त्याचा फटका आम्हालाही बसला आहे. त्यामुळे हा विषय आम्हाला नको आहे असे मुळीच नाही. पण गणिताने उत्तर ‘टेड’ असे दिले आहे का, की तो निष्कर्ष तुम्ही काढला आहे?

कासवरात्र

मी हंगामात गस्तीला असतो. धाग्याचा सूर योग्य असला तरी एक भीती वाटते. ‘अंडी राखून काही होत नाही’ एवढेच वाक्य उचलले गेले, तर गावांना मिळणारा थोडाफार निधीही थांबेल. कोल्हे आणि कुत्री एका रात्रीत घरटे साफ करतात. आम्ही अंडी उचलून त्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवली नाहीत, तर तुमच्या पहिल्या टप्प्यातला 0.6747 हा आकडा आमच्या किनाऱ्यावर शून्याच्या जवळ येईल. मग पुढच्या आठ वर्षांना कशाने गुणणार?

वाशिष्ठी

कासवरात्र, तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे आणि तो गणितातूनच निघतो. 0.6747 हा आकडा उदार आहे, राखलेल्या किनाऱ्याला शोभणारा आहे. जिथे शंभरातली वीसच अंडी पहिल्या वर्षाच्या पार जात असतील, तिथे ती राखून पाच पटींपर्यंत वाढ मिळू शकते आणि तेव्हा पहिला खर्च किनाऱ्यावरच व्हायला हवा. मलेशियात तेरेंगानूच्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवांची अंडी दशकानुदशके गोळा केली गेली, जोडीला समुद्रातली जाळी होतीच, आणि पूर्वी हजारोंनी घरटी होणारा तो किनारा जवळजवळ रिकामा झाला. अंडी सोडून द्या असे कोणतेही मॉडेल सांगत नाही. अंड्यांचे काम एका मर्यादेपर्यंत नेले की त्यापुढच्या प्रत्येक रुपयाचा परतावा घटतो आणि समुद्रातल्या रुपयाचा वाढतो, एवढेच ते सांगते. वेळास, आंजर्ले, गुहागर ही गावे त्या मर्यादेपर्यंत पोचलेली आहेत, असे मला वाटते, आणि ते श्रेय तुमच्यासारख्यांचे आहे.

दोन्ही बाजू एकत्र पाहायच्या तर केम्प्स रिडले या जातीचा इतिहास पाहावा. आपल्या ऑलिव्ह रिडलेची ही सख्खी बहीण. मेक्सिकोत रांचो न्युएव्होच्या किनाऱ्यावर 1947 मध्ये एकाच दिवशी अंदाजे 40,000 माद्या आल्याचे चित्रीकरण आहे. 1966 पासून तिथे अंड्यांना पहारा बसला. तरीही घरटी घटतच गेली आणि 1985 मध्ये त्या साऱ्या किनाऱ्यावर 702 घरटी उरली. पहारा चालू राहिला, जाळ्यांत टेड आले, आणि त्यानंतर संख्या वर चढून 2009 च्या सुमारास 20,000 घरट्यांच्या पुढे गेली. पहारा नसता तर वाचवायला कासव उरले नसते. पण निव्वळ पहाऱ्याच्या जोरावर सुमारे वीस वर्षे घसरण थांबली नव्हती, हेही त्याच नोंदवहीत लिहिलेले आहे.

बंदरकर, गणिताने ‘टेड’ असे उत्तर दिलेले नाही. गणिताने एवढेच सांगितले की जाळ्यात येणाऱ्या आकाराच्या कासवांचे वार्षिक जगणे वाढले पाहिजे, आणि ते किती वाढले की पुरे होईल. ते कसे वाढवायचे हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुमच्या डेकवर आहे. अमेरिकेतही काही प्रकारच्या बोटींना टेडऐवजी जाळे ओढण्याच्या वेळेची मर्यादा पाळण्याची मुभा आहे, उन्हाळ्यात 55 मिनिटे आणि हिवाळ्यात 75 मिनिटे. माद्या किनाऱ्याजवळ असतात त्या महिन्यांत ठरावीक अंतरापर्यंत ट्रॉल न ओढणे हाही मार्ग आहे. प्रत्येक मार्गाने मोठ्या पिल्लांच्या 0.6758 चे किती होतील, हे मोजता येते. ज्या मार्गाचे पालन दहातल्या नऊ बोटी करतील, तो कागदावर अधिक चांगल्या पण कोणीच न पाळलेल्या मार्गापेक्षा जास्त कासवे वाचवतो, आणि पालनाचे हे प्रमाणही मॉडेलमध्ये घालता येते, घातलेच पाहिजे.

सरासरी

सांख्यिकी शिकवतो, म्हणून थोडी सावधगिरी सुचवतो. हे आकडे जॉर्जियातल्या लॉगरहेडचे आहेत. ऑलिव्ह रिडले लहान असते आणि लवकर, साधारण 10 ते 18 वर्षांत वयात येते. तेव्हा मोठ्या पिल्लांची आठ वर्षे आपल्याकडे कदाचित चारच असतील. मग 0.6758 चे 0.77 केल्याने 2.84 पट नव्हे, तर सुमारे 1.69 पट वाढ मिळते. वाशिष्ठी यांचा क्रम यातही टिकतो, कारण पहिल्या वर्षाची कमाल वाढ 1.48 पट आहे. पण फरक खूपच कमी झाला, हे लक्षात घ्यावे. अंड्यांचे आपले प्रमाण 0.67 ऐवजी 0.5 असेल, तर तिथे दोन पट वाढीला जागा आहे, आणि क्रम उलटा होतो. म्हणून परक्या किनाऱ्यावरचे उत्तर जसेच्या तसे आणता येत नाही. रीत आणता येते.

दुसरे असे की, एकाच मॉडेलवर निर्णय टांगू नये. अमेरिकेत मॅलार्ड बदकांच्या शिकारीचे नियम 1995 पासून ज्या रीतीने ठरतात ती मला या विषयातली सर्वांत प्रामाणिक रीत वाटते. शिकारीने मेलेली बदके एरवीही मेलीच असती का, आणि गर्दी वाढली की पिल्ले किती कमी होतात, या दोन प्रश्नांवर तज्ज्ञांत एकमत नव्हते. त्यांनी वाद मिटायची वाट पाहिली नाही. दोन प्रश्नांच्या दोन-दोन उत्तरांची चार मॉडेले मांडली, सुरुवातीला चौघांना सारखेच वजन दिले, दरवर्षी प्रत्येकाचे भाकीत आधी लिहून ठेवले आणि वसंतातल्या मोजणीशी ताडून ज्याचे भाकीत जवळ आले त्याचे वजन वाढवले. त्या वर्षीचे नियम या वजनांवरून ठरतात. यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते भाकीत आधी लिहिणे. आपल्याकडे निर्णय आधी होतो, मोजणी नंतर, आणि मोजणी निर्णयाशी कधी ताडलीच जात नाही.

मांडवीकाठ

मी गोव्यात असतो. मोरजी आणि गालजीबागचे किनारे राखीव आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमचाही आहे. मला आणखी मूलभूत शंका आहे. ‘कोकणची कासवे’ अशी वेगळी संख्या खरोखर आहे का? 2022 मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले गेले. 2023 मध्ये गुहागरला टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परांवर ओडिशात 2021 साली लावलेला बिल्ला सापडला. ओडिशाच्या किनाऱ्याला तर दरवर्षी हजारोंनी मेलेली कासवे लागतात. आपण इकडे मोठ्या पिल्लांचे प्रमाण 0.77 केले आणि तीच मादी तिकडच्या जाळ्यात गेली, तर आपल्या मॅट्रिक्समध्ये ती कुठे मांडायची?

सरासरी

मांडवीकाठ, मॅट्रिक्स दोन किनाऱ्यांची करता येते. टप्प्यांबरोबर जागाही जोडायची, आणि इकडून तिकडे जाण्याचे प्रमाण घालायचे. अडचण गणिताची नाही. बिल्ला लावलेल्या किती माद्या किती वर्षांनी कुठे पुन्हा दिसल्या, यावरच ते प्रमाण काढता येते. त्यासाठी उपग्रह टॅगपेक्षा परांवरचे साधे धातूचे बिल्ले शेकड्यांनी लावले आणि ते सापडल्यावर कळवण्याची एकच जागा देशभर ठरवली, तर दहा वर्षांत हाती भक्कम काही येईल. एका बागेश्रीवरून प्रमाण निघत नाही, पण सीमा कुठे आखू नये एवढे मात्र तिने दाखवून दिले.

कासवरात्र

घरट्यांच्या आकड्यांबद्दलही असेच सांगावेसे वाटते. गेल्या काही हंगामांत राज्यात घरट्यांची नोंद वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच काळात गस्तीची गावेही वाढली. आज दिसणारे घरटे हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी सुटलेल्या पिल्लाचे असते, आणि मादी दरवर्षी येतेच असे नाही. वाढ कासवांची किती आणि आमच्या चालण्याची किती, हे वेगळे काढायचे असेल, तर कोणत्या रात्री किती किलोमीटर गस्त झाली हे प्रत्येक गावाने लिहायला हवे. आम्ही यंदापासून ते लिहिणार आहोत. शिवाय हॅचरीतल्या वाळूचे तापमानही. वाळू जास्त तापली की बहुतेक पिल्ले माद्या होतात, आणि तुमच्या मॅट्रिक्समध्ये सगळीकडे माद्याच मोजलेल्या असल्या तरी नरांवाचून अंडी फळत नाहीत.

बंदरकर

वाशिष्ठी, उत्तर पटले, निदान चर्चेला बसण्याइतके नक्कीच पटले. एक गोष्ट धाग्यात यायला हवी होती. आपल्या राज्यात डिसेंबर 2018 पासून जाळे कापून संरक्षित प्राणी सोडला तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ द्यावे लागतात. म्हणजे मोबाईलमध्ये कासव टिपण्याची सवय खलाशांना लागलेली आहे. या अर्जांतून तुमच्या मॅट्रिक्सला काही मिळेल का? मिळणार असेल तर काय मोजायचे ते आम्हाला साध्या शब्दांत सांगा. जाळे डेकवर आले की आम्हाला मिनिट-दोन मिनिटे मिळतात. मासळी वेगळी करायची असते, बर्फ टाकायचा असतो.

वाशिष्ठी

बंदरकर, यापेक्षा चांगली सूचना या धाग्यावर येणे कठीण आहे. मिळेल, आणि पुष्कळ मिळेल. शिंप्याची मऊ टेप मानेमागच्या कडेपासून शेपटीवरच्या टोकापर्यंत पाठीच्या वळणावरून धरायची आणि सेंटिमीटर वाचायचे. साठच्या बरेच खाली असेल तर ते मोठे पिल्लू, सत्तरच्या आसपास असेल तर बहुधा प्रौढ. प्रौढात शेपटी कवचाच्या बरीच बाहेर आलेली असेल तर तो नर. त्याखेरीज जाळे पाण्यात किती वेळ होते, खोली किती वाव होती, आणि कासव हालचाल करत होते, निपचित होते की मेलेले होते. निपचित असेल तर लगेच पाण्यात टाकू नये. मागची बाजू वितभर उंच करून, ओले फडके टाकून सावलीत ठेवावे, कारण फुप्फुसातले पाणी निघून काही तासांनी ते सावरू शकते.

मेलेल्या कासवाची नोंद सर्वांत मोलाची आहे आणि तीच कोणी देणार नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, प्राणी जाळ्यात मेला असे लिहून देण्याची भीती कोणालाही वाटेल. म्हणून बोटीचे नाव नसलेला कागद हवा, आणि तो मच्छीमार सोसायटीत जमा व्हावा, सरकारी खात्याकडे नव्हे. सरासरी, तुम्ही असा कागद एका पानात बसवून द्याल का? बंदरकर ज्या बोटी तयार होतील त्यांच्याकडून या हंगामात भरून घेतील आणि कासवरात्र यांच्या गस्तीचे किलोमीटर त्याच्या शेजारी मांडता येतील. भाकीत मी आजच लिहून ठेवतो: जाळ्यात येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक प्रौढ माद्या असतील आणि त्या जानेवारी-फेब्रुवारीत सर्वाधिक सापडतील. तसे निघाले तर हंगामी बंद पट्ट्याची मागणी पुढे न्यावी. मोठी पिल्ले जास्त निघाली तर पट्टा उपयोगाचा नाही आणि जाळे ओढण्याच्या वेळेवरच बोलावे लागेल.

सरासरी

कागद करून देतो. लांबी, जाळ्याची वेळ, खोली, महिना आणि कासवाची अवस्था, एवढे पाच रकाने. शिवाय सहावा रकाना ‘कासव आले नाही’ असा, आणि तो प्रत्येक फेरीला भरायचा. तो कंटाळवाणा वाटेल, पण तो नसेल तर बाकीच्या पाचांवरून प्रमाण काढताच येणार नाही.